नखांना काही लावलंय का?

"बोट बदल, द्वारका. दुसरं बोट घे."

मी शालीखालीच सोनाक्कांच्या तर्जनीवरचा चिमटा काढला आणि मधल्या बोटाला लावला. आकडा आला चौऱ्याहत्तर.

"चौऱ्याहत्तर!" भिंतीवरचा कॅमेरा ओरडला. "आधी सत्त्याहत्तर होता. अगं, उतरतोय! आई, दम लागतोय का तुला?"

"मला काय धाड भरलीय?" सोनाक्का उशीला टेकून बसल्या होत्या. "आत्ता दीड भाकरी खाल्ली. वांगं बरं झालं हुतं."

कॅमेरा ओरडला म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई काहीही फेकतेय. करोनाच्या दोनेक वर्षं आधीची ही गोष्ट, कराडची. सोनाक्का थोरात एकट्याच फ्लॅटमध्ये राहायच्या आणि मी त्यांच्याकडं दिवसरात्र कामाला होते. त्यांची एकुलती एक मुलगी संयोगिताताई मस्कतला. आईची फुप्फुसं कामातून गेली तेव्हा ताईंनी घरात ऑक्सिजनचं यंत्र बसवलं, झोपायच्या खोलीत आणि हॉलमध्ये कॅमेरे लावले. त्या कॅमेऱ्यातून ताईंना आम्ही दिसायचो आणि त्यांचा आवाज आम्हाला ऐकू यायचा. बोटाला लावायचा तो चिमटा रक्तात ऑक्सिजन किती आहे ते सांगायचा, आणि आकडा इथं उमटला की त्याच घडीला ताईंच्या फोनवरही दिसायचा. सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ. पाच मिनिटं उशीर झाला की कॅमेरा खाकरायचा.

आता सोनाक्कांची फुप्फुसं गेली कशानं? तर चुलीनं. नवरा गेला तेव्हा त्या एकतीस वर्षांच्या, पदरात चार वर्षांची पोर. एका बोर्डिंगात स्वयंपाकाला लागल्या आणि तीस वर्षं दोनशे पोरांच्या भाकऱ्या ओल्या लाकडावर थापल्या. आयुष्यात विडी सोडा, तपकीर ओढली नाही बाईनं. डॉक्टर बुधकरांनी मागच्या खेपेला घरी सोडताना मला समोर बसवून बजावलं होतं, ताईसुद्धा तेव्हा फोनवर होत्या. "यांना एकच लिटर द्यायचा. आकडा अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव पुरे. तुम्हाआम्हाला जे चांगलं ते यांना विष आहे. यांच्या शरीराला कमी हवेची सवय झालीय. जास्त दिला तर शरीर श्वास घ्यायचा कंटाळा करतं, आत नको तो वायू साठतो, गुंगी येते. आणि त्या गुंगीतून माणूस परत येत नाही."

हे मी पाठ केलं होतं. दहावी नापास असले तरी असल्या गोष्टी माझ्या डोक्यात पक्क्या बसतात.

"दुसरा हात घे," ताई म्हणाल्या.

मी दुसरा हात घेतला. तिथलीही तीन बोटं बघितली, शालीखालीच. शेवटचा आकडा बहात्तर.

मी सोनाक्कांच्या तोंडाकडं पाहिलं. ओठ निळे नव्हते. छाती नेहमीसारखी वरखाली होत होती. बोलताना मध्ये अडकत नव्हत्या. खरंच बहात्तर असता तर या बाईला वांग्याची चव सांगायला सुचलं नसतं. मी तसं म्हणालेसुद्धा. "ताई, आक्का बऱ्या दिसतायत. मला नाही वाटत..."

"तुला वाटून काय उपयोग? मशीन खोटं बोलतं का?" ताईंचा आवाज चिरकला होता. "सहा बोटं बघितलीस. सहाच्या सहा खोटी? ऑक्सिजन वाढव आधी. तीन कर."

"डॉक्टरांनी एकच..."

"आकडा ब्याण्णव असताना एक! बहात्तर असताना नाही! द्वारका, माझी आई आहे ती. तीन कर!"

मी उठले आणि यंत्राची खुंटी फिरवली. आतली छोटी गोळी तीनच्या रेघेवर जाऊन थरथरत राहिली.

आता शालीखाली हात का, ते सांगते. सांगायलाच पाहिजे, सगळं त्याच्यापायीच झालं.

ताईंच्या मुलीचा, सानिकाचा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मस्कतला साखरपुडा होता. सोनाक्कांना विमान झेपणार नव्हतं, म्हणून टॅबवरून बघायचं ठरलं होतं. त्या दिवशी सकाळी आठचा आकडा झाला. एक्क्याण्णव आला, कॅमेरा खूश झाला. मग सोनाक्का मला हळूच म्हणाल्या, "द्वारके, सैपाकघरात चल. नळी घे संगं."

नळी लांब होती, स्वयंपाकघरापर्यंत आरामात पोचायची. आणि स्वयंपाकघरात कॅमेरा नव्हता. घरातली तेवढीच एक मोकळी जागा. तिथं ओट्याशेजारच्या खुर्चीत बसून बाईनं हळूच कनवटीतून काय काढावं? मेंदीचा कोन! काळ्या मेंदीचा. खालच्या वाण्याला सांगून भाजीच्या पिशवीतून मागवला होता, मला पत्ता नाही.

"आक्का, हे काय? वास येतो याला. ताईंना कळलं तर माझी गठडी वळतील."

वासाची घरात बंदी होती. उदबत्ती नाही, अत्तर नाही, खोबऱ्याची फोडणी नाही. माझ्या आधीच्या हिराबाईंनी एकादशीला देवापुढं कापूर लावला, तर ताईंनी त्यांना कॅमेऱ्यातूनच कामावरून काढलं होतं. हे काम गेलं असतं तर मला माहेरी जाऊन भावजयीच्या हाताखाली राहावं लागलं असतं. तिच्यापेक्षा कॅमेरा परवडला.

"खिडकी उघड आन गप लाव," सोनाक्का म्हणाल्या. "मालक गेल्यापास्नं हाताला काय लावलं न्हाई मी. लोक काय म्हन्तील म्हणून न्हाई लावलं, मग माझ्या पोरीच्या लग्नातबी न्हाई लावलं. आता नातीला आशीर्वाद द्यायला हात वर करीन तर ते भाकरी भाजलेलं हात दिसायचं व्हय सगळ्यांला?"

"मग ताईंना विचारूया की."

"इचारलं तर न्हाई म्हनंल. उद्या दावीन. समद्या पावण्यांम्होरं काय बोलतीया ती?" आणि त्या हसल्या. त्यांना हसलं की खोकला यायचा म्हणून त्या हसायचं टाळायच्या. त्या दिवशी हसल्या आणि खोकला आला नाही. "तवर तोंडातनं शब्द काढलास तर माझ्या गळ्याची शपथ हाय तुला."

मला कोयऱ्या, वेलबुट्ट्या काही काढता येत नाहीत. त्यांनाही नको होत्या. जुन्या पद्धतीनं तळहातावर एक गोल, आणि दहाही बोटांची टोकं पहिल्या पेरापर्यंत पूर्ण रंगवलेली, नखांसकट. मी फुंकर घालत बसले आणि त्या मला आपल्या लग्नात मेंदी वाटून कुणी दिली, कोणाची जास्त रंगली ते सांगत बसल्या. तासाभरानं हात धुतले तर बोटं काळीभोर. आम्ही दोघी शाळा बुडवलेल्या पोरींसारख्या गप बाहेर आलो. हात शालीखाली.

आणि दोन वाजता हे असं.

तीन लिटर केला. पाच मिनिटं थांबलो. आकडा पंच्याहत्तर. काडीचा फरक नाही.

"पाच कर," ताई म्हणाल्या.

"ताई..."

"पाच!"

"नाकात वारं शिरल्यावानी हुतंय गं," सोनाक्का कुरकुरल्या. "कमी कर की."

"आई, गप्प बस तू. द्वारका, मी डॉक्टरांना जोडून घेतेय."

मी पाच केला. हात माझाच होता, हे मी आजही विसरत नाही.

माझ्या फोनवर डॉक्टर आले. मागं ओपीडीचा गलका ऐकू येत होता. ताईंनी एका दमात सगळं सांगितलं, दोन्ही हात, सहा बोटं, एकानंतर तीन, तीननंतर पाच.

"पाच?" डॉक्टर म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "द्वारकाबाई, चिमटा नीट बसलाय? हात गार आहेत का?"

"नाही डॉक्टर, गरम आहेत."

"नखांना काही लावलंय का? रंग, नेलपॉलिश वगैरे?"

त्या एका प्रश्नात मला सगळं कळलं. चिमटा बोटातून उजेड पाठवतो, तो लाल दिवा आपण बघतोच की. मी तर त्या उजेडासमोर काळी भिंत बांधून ठेवली होती. हा बहात्तर सोनाक्कांचा नव्हताच, माझ्या कोनाचा होता.

आज मी स्वतः नव्या मुलींना हे काम शिकवते आणि पहिल्याच दिवशी पेशंटची नखं बघायला लावते. त्या दिवशी मात्र मी सोनाक्कांकडं पाहिलं. त्यांनी डोळे मोठे केले आणि मान हलवली, नाही म्हणून. कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

"नाही," मी म्हणाले. "काही नाही लावलं."

मला वाटलं, ताई काहीतरी बोलतील. नाही बोलल्या. फोनमध्ये एवढी शांतता पसरली की मला ओपीडीतलं कुणाचं तरी बाळ रडताना ऐकू आलं.

"बरं," डॉक्टर म्हणाले. "मग खरंच कमी असेल. अँब्युलन्स पाठवतो. तोवर बसवून ठेवा आणि जाग्या ठेवा. गुंगी यायला लागली तर ताबडतोब मला फोन." आणि त्यांनी फोन ठेवला.

मी मनात हिशेब केला. अँब्युलन्स येईल, दवाखान्यात नीट मशीन लावतील, खरा आकडा कळेल. तेवढा वेळ जाऊ दे. ताई कॅमेऱ्यात आहेत, त्यांच्यादेखत खुंटी कमी कशी करू? काय सांगून करू? पंधरा मिनिटांत काय होतंय?

काय होतंय ते मला पाचव्या मिनिटाला दिसायला लागलं. सोनाक्कांनी कपाळाला हात लावला. "डोकं ठणकाया लागलंय गं."

"आक्का, माझ्याकडं बघा."

"बघतीया की." पण बघत नव्हत्या. पापण्या जड झाल्या होत्या, डोळे मिटायचे आणि उघडायला वेळ लागायचा.

"आई?" कॅमेऱ्यातून आवाज आला. "द्वारका, झोपतेय का ती?"

"जेवण झालंय ना, ताई. दुपारची झोप येते त्यांना." हे माझं दुसरं खोटं. एक बोललं की दुसरं आपोआप तोंडातून येतं, पहिल्यासारखं अडतही नाही.

मी पायाशी गेले. पांघरूण सारखं करतेय असं दाखवलं आणि शालीतून चिमटा काढून पायाच्या अंगठ्याला लावला. अंगठ्याला मेंदी नव्हती. चिमट्यावर आधी रेघा आल्या, मग आकडा आला. अठ्ठ्याण्णव.

अठ्ठ्याण्णव म्हणजे विष. डॉक्टरांचाच शब्द. आम्ही दोघींनी मिळून त्या बाईला वीस मिनिटं विष पाजलं होतं.

आणि त्याच घडीला तो आकडा मस्कतला दिसला.

"वाढला!" ताई ओरडल्या. रडत होत्या, हसत होत्या. "अठ्ठ्याण्णव! बघ, बघ पाचनं वाढला! देवा... आता हात लावू नकोस, द्वारका. खुंटीला अजिबात हात लावू नकोस."

सोनाक्कांची मान छातीवर पडली. श्वास हळू झाला होता. मी मोजला. एक. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा.

"आक्का!" मी गाल थोपटला. "आक्का, उठा!"

ती शपथ डोळ्यांसमोर उभी राहिली. खरंच, तेव्हा मला नोकरी आठवली नाही. माहेर, भावजय, काही नाही. मला एवढंच वाटलं की या बाईनं स्वतःच्या गळ्याची शपथ घातलीय, मी बोलले आणि ही गेली तर? आणि नाही बोलले तर ही जाणारच आहे, माझ्यासमोर, आत्ता.

मी उठले आणि खुंटी फिरवली. पाचावरून एकावर.

"काय करतेस? द्वारका! काय करतेस तू?" कॅमेरा किंचाळला. "हात काढ! मारायचंय का तिला? हात काढ!"

मी शाल ओढून टाकली. सोनाक्कांचा उजवा हात मनगटाला धरून उचलला आणि कॅमेऱ्यासमोर नेला. पाच काळी बोटं.

"मेंदी आहे, ताई! मी लावली. सकाळी लावली. आकडे सगळे खोटे होते. आता पायाला लावलाय, तो खरा आहे. अठ्ठ्याण्णव आहे त्यांना, पाच लिटरनं मरतायत त्या! मला काय करायचं ते नंतर करा, आधी डॉक्टरांना लावा!"

ताईंनी तिकडून लगेच डॉक्टरांना कळवलं. माझा फोन वाजला. डॉक्टर होते.

"किती केलात?"

"एक केला, डॉक्टर."

"बंद करू नका हां, एकदम बंद करायचा नाही. एकवरच ठेवा. बसवा, पाठीला उशी द्या. झोपू द्यायचं नाही. बोलायला लावा, चिमटे काढा, वाट्टेल ते करा. अँब्युलन्स निघालीय."

मी चिमटे काढले. छातीच्या हाडावर मुठीनं घासलं. नाव घेऊन हाका मारल्या. नुसतं "हं" यायचं आणि परत मान खाली. मग मला काय सुचलं कोण जाणे, मी त्यांच्या कानात ओरडले, "आक्का, बोर्डिंगातली पोरं सांगत होती, तुमच्या आमटीत नुसतं पाणी असायचं! डाळ तुम्ही घरी न्यायचा!"

एक डोळा उघडला.

"कोन... म्हन्तो?"

"सगळं गाव म्हणतंय! भाकरी कच्ची असायची म्हणतात!"

"त्येच्या... बापाला..." श्वास घेतला. "त्येच्या बापाला इचार... कच्ची..." आणि परत श्वास घेतला. मी त्या एका शिवीवर जीव टांगून बसले. अँब्युलन्स येईपर्यंत मी त्या माउलीला चोर म्हणाले, आळशी म्हणाले, मुलीला उपाशी ठेवलं म्हणाले. आणि दर वेळी ती कुठून तरी खालून वर यायची आणि मला शिव्या घालायची. माझं तोंड बोलत होतं आणि डोळ्यांना धार लागली होती.

दवाखान्यात तोंडाला घट्ट मास्क लावला, श्वास आत ढकलणाऱ्या मशीनला जोडलं. डॉक्टर मला एवढंच म्हणाले, "अजून दहा मिनिटं गेली असती तर मी काही करू शकलो नसतो." ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

साखरपुडा पुढं ढकलला. दुसऱ्या दिवशी दुपारी ताई आल्या, विमानतळावरून थेट. मी आयसीयूच्या बाहेर बाकावर बसले होते. पिशवी भरून आणली होती, म्हणजे काढून टाकलं की तिथूनच एसटी स्टँड. ताई आत जाऊन आईला बघून आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. कॅमेऱ्यातल्या आवाजापेक्षा बाई अगदीच बारकी होती. पाच महिने मी त्या आवाजाला घाबरत होते.

"शुद्धीवर आहे," त्या म्हणाल्या. "झोपलीय आत्ता. पण हाक मारली की बघते."

"ताई, मी चुकले. डॉक्टरांनी विचारलं तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. मी..."

"अकरा मिनिटं," त्या म्हणाल्या. "त्यांनी नखांचं विचारल्यापासून तू हात वर करेपर्यंत. सगळं रेकॉर्ड होतं. विमानात बसायच्या आधी मी चार वेळा बघितलं."

मी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"मला माहीत होतं," ताई म्हणाल्या.

"काय?"

"मेंदीचं. स्वयंपाकघरात घड्याळ आहे ना, त्याच्यात कॅमेरा आहे. आवाज नाही येत, नुसतं दिसतं. हिराबाई आत काय करतात ते कळत नव्हतं म्हणून ह्यांनी बसवला होता. तुला सांगितलं नव्हतं." त्या समोरच्या भिंतीकडं बघत होत्या. "सकाळी मी ऑफिसात होते. तू फुंकर घालत होतीस आणि आई हसत होती. मी ओरडणारच होते. पण ती हसत होती, द्वारका. मी शेवटचं तिला हसताना कधी पाहिलं ते मला आठवेना. म्हणून गप्प बसले. दुपारी आकडे बघून मात्र मी खरंच हादरले, मेंदी डोक्यातसुद्धा आली नाही. डॉक्टर नखं म्हणाले आणि मग मला मेंदी आठवली."

समजलं तेव्हा मी बाकावरून उठलेच.

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं? तेव्हाच?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर स्वयंपाकघरातला कॅमेरा सांगावा लागला असता. तुला आणि आईलासुद्धा." ताई म्हणाल्या. "मला वाटलं, तू सांगशील. आता सांगशील, मग सांगशील. तू सांगितलंस तर मला सांगावं लागणार नव्हतं. मग अठ्ठ्याण्णव आला आणि मी ते खरं मानून टाकलं. मानायचंच होतं मला."

मला भयंकर राग आला, खोटं कशाला सांगू? पाच महिने मी त्या स्वयंपाकघरात पदर सोडून घाम पुसला होता, माहेरी ठेवलेल्या माझ्या लेकराची आठवण आली की ओट्याला डोकं टेकून रडले होते. तिथं कुणी बघत नाही म्हणून. या बाईच्या कानाखाली जाळ काढावा असं वाटलं. आणि त्याच वेळी मला हेही दिसत होतं की तिनं जे केलं तेच मीही केलं होतं. तिकडं ती माझी वाट बघत बसली, इकडं मी अँब्युलन्सची. मध्ये सोनाक्का.

"उठा," मी म्हणाले. ताईंना मी पहिल्यांदाच असं दरडावून बोलले. "आत चला. हे मला सांगून काय उपयोग? त्यांना सांगा."

"आत्ता? तिची तब्येत..."

"आमटीवरून मी घातलेल्या शिव्या त्यांनी पचवल्यात. हेही पचवतील."

आम्ही दोघी आत गेलो. सिस्टर पाणी पाजायला मास्क काढतच होती. सोनाक्कांच्या नाकावर मास्कचा लाल वळ उठला होता. लेक दिसताच बाईनं पहिलं काय केलं असेल? दोन्ही हात चादरीखाली घातले. सलाईनची नळी ओढली गेली तरी घातले. ते बघून ताईंचा बांधच फुटला.

"आई," त्या पलंगाच्या कडेला धरून म्हणाल्या, "नको लपवूस. मी बघितलं होतं. काल सकाळीच बघितलं होतं. स्वयंपाकघरात पण कॅमेरा आहे गं आई. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. द्वारकाची एकटीची चूक नाही. माझ्यामुळं तू..."

सोनाक्का एकदा माझ्याकडं आणि एकदा लेकीकडं बघत राहिल्या. मला वाटलं, आता कॅमेऱ्यावरून भडकतील, शपथ मोडली म्हणून माझ्यावर भडकतील. त्यांनी हळूहळू एक हात चादरीबाहेर काढला, बोटं पसरून लेकीसमोर धरली. बोलायला दम पुरत नव्हता, मध्ये दोनदा थांबावं लागलं.

"काल सकाळी बघितलंस... आन दुपारपतोर ग्वाड ग्वाड बोललीस माझ्याशी... मग रंग चांगला चढलाय, एवढं म्हणाया काय झालं हुतं तुला?"